मागणी नगण्य

"साहेब, ह्याला मार्कं कितीपैकी असत्यात?"

करंजदऱ्याचे सरपंच रंगराव शेळके खालून विचारत होते आणि मी ग्रामपंचायतीच्या डुगडुगत्या टेबलावर चढून भिंतीतल्या खिळ्याला माझा डबा अडकवायच्या खटपटीत होतो. डबा म्हणजे इंटरनेटचा वेग मोजायचं यंत्र. वहीएवढं, करड्या रंगाचं, कोपऱ्यात एक हिरवा दिवा. दुपारच्या एसटीनं तीन तास हाडं खिळखिळी करून घेऊन आलो होतो, पोटात कावळे कोकलत होते, आणि हे गृहस्थ मार्कं विचारत होते.

"याला मार्क नसतात हो. हे नुसतं मोजतं," मी म्हणालो.

"आसं कसं? मोजायचं म्हंजी नंबर आलाच की."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं काचेत घातलेलं एक प्रशस्तिपत्र होतं. ग्रामस्वच्छता, तालुक्यात दुसरा क्रमांक.

"तीन मार्कांनी गेला पयला नंबर. तपासणीवालं आदल्या दिशी म्हनलं, काय येगळं करू नका, रोज ऱ्हाताय तसं ऱ्हावा. आमी येडं, खरं धरून बसलो. शेजारच्या गावानं रातोरात रस्ता सारवला, कुंड्या आणून ठिवल्या. त्यांचा आला की पयला."

"इथं तसलं काही नाही. तुम्ही काहीएक करू नका. रोज वागता तसं वागा," मी म्हणालो.

रंगराव माझ्याकडे बघत राहिले. मग नुसते "व्हय व्हय" म्हणाले आणि चहाचं बघायला बाहेर गेले. ते माझं बोलणं कुठल्या खात्यात टाकतायत हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. कळलं नाही. मला भूक लागली होती.

माझं काम तसं डोक्याला ताप नसलेलं. कुठल्या गावांना इंटरनेटची केबल आधी द्यायची हे ठरवायला त्या वर्षी मोजणी निघाली होती. मोजणी एका ठेकेदाराकडे होती आणि ठेकेदाराकडे मी, कंत्राटावर. साताऱ्याच्या पश्चिमेची चौदा डोंगरी गावं माझ्या वाट्याला आलेली. प्रत्येक गावात डबा टांगायचा, दुसऱ्या दिवसापासून सात दिवस त्याची मोजणी चालायची. तो दर अर्ध्या तासानं वेग तपासायचा, आणि गावच्या टॉवरवरून त्या वेळी किती फोन किती डेटा ओढतायत तेही टिपायचा. आठवड्याअखेर दोन आकडे हातात यायचे. एक वेग, दुसरी मागणी. वेग मरतुकडा आणि मागणी जोरात, तर केबल आधी. वेग बरा आणि मागणी कमी, तर गाव यादीच्या तळाला. इतकं सोपं होतं. पण हे गावाला सांगायचं नाही असा लेखी नियम होता. "मोजणीचा हेतू ग्रामस्थांस सांगू नये." सांगितलं तर लोक मुद्दाम दिवसभर पिक्चर लावून ठेवतील आणि मागणी फुगवतील, अशी वरच्या मंडळींना धास्ती. मला तो नियम तेव्हा पटला होता.

चार वाजत आले तसा पंचायतीचा शिपाई धोंडीराम आत आला. चाळिशीचा, काटक, खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी.

"साहेब, राग येनार न्हाई तर एक सांगू? ती खिडकी जरा मोकळी करता का? आज रविवार, चार वाजल्यात."

"चारला काय आहे?"

"आमच्या पोरीचा फोन. रेंज हितंच तेवढी येती."

त्याच्या मागं त्याची बायको उभी होती. गोदा. नऊवारी नीट चापूनचोपून नेसलेली, केस तेल लावून बसवलेले, कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात फोन. मी नमस्कार केला तशी तिनं हसून मान हलवली, पण बोलली काही नाही.

"तिला ऐकू येत न्हाई. बोलता बी येत न्हाई. जन्मापास्नं," धोंडीराम म्हणाला. "पोरगी बी तशीच. सानिका. सात वर्साची हाय. मिरजेला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळंत घातलीया औंदा, तितंच हॉस्टेलात ऱ्हाती."

मी खिडकीतली माझी बॅग उचलली. गोदानं फोन खिडकीच्या गजाला टेकवून उभा केला, दोन पावलं मागं सरकली आणि पदर कमरेला खोचला. पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राहिलं. मग एकदम दोन वेण्या घातलेली एक पोर दिसली, पुढचा दात पडलेली. तिनं हात हलवायला सुरुवात केली आणि गोदाचेही हात सुटले. किती भरभर चालले होते ते हात! ती विचारत होती, रागावत होती, हसत होती. पोरीनं वेणी पुढं घेऊन दाखवली तशी गोदानं नाक मुरडलं, म्हणजे नीट घातलेली नाही. मी टेबलाच्या कडेला बसून बघत राहिलो. मला त्या घरचा पाहुणा झाल्यासारखं वाटलं.

आणि मग चित्र थांबलं. पोरीचा उजवा हात कपाळाजवळ, बोटं अर्धवट उघडी, तोंड हसायच्या बेतात. तसंच्या तसं. गोदानंही आपला हात कपाळाजवळ नेला, तशीच बोटं उघडली आणि तशीच उभी राहिली. अर्धं मिनिट झालं, एक मिनिट झालं.

"हे काय करतायत त्या?" मी हळू आवाजात विचारलं. हळू कशाला, देव जाणे.

"पोरगी शिकवती तिला," धोंडीराम म्हणाला. "त्याचं आसं हाय बगा, आमच्या घरच्या खुना घरच्या. आमीच करून घेतलेल्या. मी, ती, आन् पोरगी, तिघांपुरत्या. शाळंत येगळ्या शिकवत्यात, समद्या देशात चालत्यात तसल्या. पोरगी दर रविवारी दोन-तीन नव्या दावती. ही पाठ करती, मला दावती. पर मदीच अडकलं की हिला वाटतं, तीच खूण हाय. मागल्या म्हैन्यात एक अशीच शिकली. दोन आठवडं गावभर दावत फिरली. मागनं कळलं, ती अर्दीच हुती."

तो हसला. मीही हसलो. मग तो हसायचा थांबला.

"एक रविवार चुकला की दोन-चार खुना मागं पडतो आमी. आसंच मागं पडत गेलो तर काय हुईल सांगा. पोरगी सुट्टीला घरात यील आन् आमच्या घरात तिचं बोलनं कुनालाच कळायचं न्हाई. आईलाच कळलं न्हाई तर तिनं जायाचं कुटं?"

चित्र सुटलं. पडद्यावर पोर भलत्याच खुणेवर पोचली होती. गोदा घाईघाईनं तिच्या मागं धावल्यासारखी हात हलवायला लागली. पुन्हा अडकलं. एका तासात पाचेक मिनिटं धड चाललं असेल. पाच वाजता तिकडून बाईंनी फोन काढून घेतला. गोदानं काळ्या पडद्यावरून पदर फिरवला आणि फोन उराशी धरून निघून गेली.

धोंडीराम दाराशी घोटाळला.

"साहेब, एकच इचारतो. आमच्याकडं बोलायपुरता फोन लागतो, त्यावर समदं गाव खूश हाय. पर आमचं बोलनं हातानं. त्याला चित्रच लागतंय. ह्या डब्यानं लाइन येनार का?"

"ते मला सांगता येत नाही."

"आमी काय करू? काय बी सांगा. करतो."

खरं काय ते जिभेवर आलं होतं. नियम आठवला. मी ते गिळून म्हणालो, "काही करू नका, धोंडीराम. डब्याला हात लावू नका, बास."

त्याला खरं सांगायला आठ शब्द लागले असते. सगळ्यांना फोन वापरू द्या, जितका वापरतील तितकं बरं. एवढंच. ते आठ शब्द मी आजवर मनात हजारदा बोललोय. त्या दिवशी मी बॅग काखोटीला मारली, हिरवा दिवा लागलाय ना ते पाहिलं, आणि सरपंचांकडे मुक्कामाला गेलो. सकाळच्या एसटीनं पुढच्या गावाला.

पुढच्या सोमवारी परत आलो तर पंचायतीसमोर निम्मं गाव जमलेलं. बायका ओट्यावर, म्हातारी माणसं कट्ट्यावर, शाळेतली पोरं रांगेत. दाराला आंब्याचे डहाळे. अंगणात रांगोळी. मला वाटलं कुणी पुढारी येणार आहे. तर ते माझ्यासाठीच होतं.

"या या साहेब! आता लवकर आकडा सांगा," रंगरावांनी माझ्या हातात नारळच दिला. "आठ दिस जीव टांगनीला लागलाय."

मी डबा उतरवला, लॅपटॉपला जोडला. वेगाचा आकडा उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. तोवर मोजलेल्या एकाही गावात एवढा वेग आला नव्हता. तालुक्याच्या ठिकाणीसुद्धा नव्हता. ज्या गावात मी डोळ्यांनी ते चित्र अडकलेलं पाहिलं होतं, तिथं सात दिवस, दर अर्ध्या तासाला, सुसाट.

"किती आला?"

"बावीस," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"आन् शेजारच्या गावात किती आलता? ज्यांचा स्वच्छतेत पयला आला?"

"दीड."

असा गलका झाला म्हणता! पोरांनी टाळ्या पिटल्या. एका म्हातारीनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "बावीस! बावीस!" करत रंगराव अंगणभर फिरले. आणि मी दुसरा आकडा उघडला. मागणी. तिथं जवळजवळ काहीच नव्हतं. सात दिवसांच्या रकान्यांत शून्य, शून्य, शून्य. कधीमधी एखादा ठिपका, तो बहुधा माझ्याच डब्याचा.

"रंगराव, गावातले फोन कुठायत?"

रंगरावांचा चेहरा खुलला. एवढ्यासाठीच ते थांबले होते. "धोंडीराम, उघड कपाट."

पंचायतीचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एक मोठी पाटी होती आणि ती फोनांनी काठोकाठ भरलेली. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव.

"एकशे अठरा हायती," रंगराव म्हणाले. "समदं बंद. सोमवार ते सोमवार. धोंडीरामानं सांगितलं, साहेब म्हंत्यात काय करू नका. म्हनलं, वळखलं! मागल्या टायमाला बी हेच म्हनलेलं. आता फसनार न्हाई. मग आमच्या शाळंतल्या मास्तरांनी डोकं चालवलं. म्हनलं, पान्याचंच बगा, समद्यांनी नळ सोडलं की धार बारीक हुती. एकानंच सोडला की जोरात. तुमच्या डब्याला समदं पानी एकट्याला दिलं आमी."

मास्तरांचं म्हणणं बरोबर होतं. शब्दाला शब्द बरोबर होतं.

"लोकांनी दिले फोन? आठ दिवस?"

"सुरवातीला कां-कूं केलं. जवान पोरं तर ऐकंनात. मग गोदा निघाली पाटी घिऊन. दारात जाऊन नुसती उभी ऱ्हायची. हात पुढं. तिच्याशी वाद घालनार कोन? आन् समद्यांना ठावं हुतं, हे तिच्या पोरीसाटनं चाललंय. एका बी घरानं न्हाई म्हनलं न्हाई."

"आणि काल रविवार होता," मी धोंडीरामकडे वळलो.

"न्हाई लावला," तो म्हणाला. "तिचाच फोन पाटीत पयला हाय. बगा, समद्यात खाली."

"हॉस्टेलला कळवलं होतं?"

"कशानं कळवनार? फोन तर बंद. बसली आसंल पोर वाट बगत." तो मान वळवून पुढं म्हणाला, "एका रविवाराचं काय येवडं. लाइन आली म्हंजी रोज रविवारच."

गोदा कपाटाशेजारीच उभी होती. ती आमच्या तोंडांकडे एकामागून एक बघत होती. मग तिनं पुढं येऊन धोंडीरामला काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"इचारती, झालं का काम?"

हीच वेळ होती. तिथल्या तिथं खरं सांगून टाकायचं, शिव्या खायच्या, डबा परत खिळ्याला टांगायचा आणि आणखी सात दिवस त्या गावात मुक्काम ठोकायचा. दुसरं एखादं गाव चुकलं असतं, वरून बोलणी बसली असती. बसू दे म्हणायला हवं होतं. पण एकशे अठरा फोन, आंब्याचे डहाळे, रांगोळी, आणि समोर ती बाई. मी मान हलवली. हो.

गोदानं दोन्ही हात तोंडावर धरले. बायकांनी तिला घेरलं. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं, कुणी तिला कुंकू लावत होतं. दुपारी त्यांच्याच घरी जेवलो. पुरणपोळी होती. आमटी तिखटजाळ. मला एक घास उतरत नव्हता, पण ताटात टाकून उठणार कसा? गोदा परत परत वाढत होती आणि मी परत परत खात होतो. आपल्याला स्वतःची इतकी किळस येऊ शकते हे मला त्या जेवणात कळलं.

तालुक्याला उतरलो आणि स्टँडवरूनच खांबेटे साहेबांना फोन लावला. खांबेटे ठेकेदाराचे व्यवस्थापक, माझे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता.

"सर, करंजदऱ्याची मोजणी परत घ्यावी लागेल."

"का? डबा बिघडला?"

"नाही. गावानं सगळे फोन बंद ठेवले होते."

"का पण?"

मी सांगितलं. ते आधी हसले. खूप हसले. मग म्हणाले, "अहो, पण हे लिहायचं कुठं? अर्जात एकच रकाना आहे. यंत्र सदोष, हो किंवा नाही. डबा सदोष असेल तरच परत मोजणी. गाव सदोष, असा रकाना नाही."

"मी 'हो' लिहितो ना, सर."

"लिहा. मग डबा तपासणीला जाईल. तो चांगला निघेल. मग खोटं कुणी लिहिलं ते विचारतील. पुढच्या महिन्यात कायमच्या नेमणुका आहेत, तुमचं नाव मी वर दिलंय. तुम्ही शहाणे आहात. उद्यापर्यंत पाठवा."

"पण गावाची काही चूक..."

"पुढच्या फेरीत बघू हो. दरवर्षी होणारच आहे मोजणी."

पुढच्या फेरीत बघू. मी ते धरून बसलो. बुडत्यानं काहीतरी धरावं तसं नाही, तर झोप यावी म्हणून उशी धरावी तसं. बायको गरोदर होती, घरात म्हातारे वडील होते, कायमची नेमणूक हवी होती. हे सगळं खरं होतं. तरीही ती कारणं होती, आणि मला कारणं हवीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज भरला. यंत्र सदोष: नाही.

महिन्यानं यादी आली. करंजदरे सगळ्यात खाली. शेजारी शेरा: "सेवा पुरेशी. मागणी नगण्य." आणि पुढची फेरी झालीच नाही. ठेका संपला, माणसं पांगली. स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शेजारच्या गावाला केबल मिळाली. मला मात्र ठेकेदाराच्या कार्यालयात कायमची नेमणूक मिळाली.

हे एवढ्यावरही थांबलं नाही. तेच आकडे टॉवरवाल्या कंपनीकडे गेले. ज्या गावात कुणी फोनच वापरत नाही तिथं टॉवर ठेवायचा कशाला? दोन वर्षांनी त्यांनी तो उतरवून नेला. हे मला कार्यालयात एका कागदावरून कळलं. मी तो कागद फाइलला लावला.

दहा वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. गेल्या वर्षी पाटणजवळ एका लग्नाला गेलो होतो. लग्न लागलं, अक्षता पडल्या, आणि जेवणाच्या पंगतीला बसायच्या ऐवजी मी गाडी काढून घाट चढायला लागलो. का, ते विचारू नका. मलाही सांगता येणार नाही.

धोंडीराम अंगणात खुरपं घासत बसला होता. डोकं पांढरं झालेलं. त्यानं मला लगेच ओळखलं.

"साहेब! डबावालं साहेब!" त्यानं बाजलं पुढं ओढलं. "आज पोरगी बी आलीया बगा. दोन दिसांसाटनं."

गोदा बाहेर आली. तिनंही ओळखलं. हात जोडले, आत पळाली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. ओट्यावर एक उंच मुलगी बसली होती, ड्रेस घातलेली, केस मोकळे. सानिका. सतरा वर्षांची. तिनं मान लववून नमस्कार केला.

"आता पुन्याला शिकती. लई हुशार," धोंडीराम म्हणाला.

"फोनवर बोलणं होतं ना आता?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं, मला माहीत होतं.

"टॉवर नेला की. वरच्या माळावर रेंजची एक कांडी येती, बोलायपुरती. आमच्यात बोलून काय उपेग? बाजाराच्या गावाला जाऊन लावावा म्हनलं, तर हॉस्टेलचा टाइम रविवारी चारचा आन् शेवटची एसटी परत फिरती साडेतीनला. चार-पाच वेळा चालत आलो मागारी. मग हिचं गुडघं गेलं."

"मग खुणा?"

"जेव, नीज, डोकं इंचर, येवडं हाय अजून. ल्हानपनीचं." तो खुरप्याकडे बघत म्हणाला. "बाकी पोरगी वहीत लिवती. मी वाचतो आन् हिला आमच्या खुनंनं सांगतो. माझ्या खुना त्या काय, शिपायाच्या. पोरगी अर्दं पान लिवती, मी सांगतो, 'ती बरी हाय.'"

गोदा आम्हाला बघत उभी होती. तिनं धोंडीरामच्या खांद्याला हात लावून काहीतरी विचारलं.

"इचारती, लाइन कवा येनार? वेग तर आपलाच पयला आलता." तो कसनुसा हसला. "दहा वर्सं झाली, अजून इचारती. कोन बी शर्ट-पँटवाला आला की इचारती."

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. वेग आणि मागणी, दोन आकडे, यादी कशी लागते, फोन बंद ठेवल्यामुळं काय झालं, शेरा काय पडला, टॉवर का गेला. अर्जातला रकाना. माझी नेमणूक. एका दमात सांगितलं, जमिनीकडे बघत.

धोंडीरामनं खुरप्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"म्हंजी, फोन चालू ठिवलं असतं तर?"

"तर गाव पहिल्या यादीत आलं असतं."

"आन् तुमाला हे कवा कळलं?"

"त्याच दिवशी. आकडा बघितला तेव्हाच."

"म्हंजी आमच्यात जेवायच्या आदी."

"हो."

त्यानं मला शिवी घातली असती तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं नाही घातली. तो उठला, खुरपं वळचणीला खोवलं आणि परत येऊन बसला.

"मी हे हिला कसं सांगू? दारोदार जाऊन हिनंच गोळा केलं वं फोन, साहेब. हिच्याच हातानं."

गोदाला काहीतरी कळलं होतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, मग माझ्या. तिनं त्याची बाही ओढली. पुन्हा ओढली. धोंडीरामनं डोळे पुसले, तिच्याकडे तोंड केलं आणि हातांनी काही सांगितलं. सावकाश, नीट. गोदाचा चेहरा उजळला. तिनं छातीवर हात ठेवला, मी? असं विचारल्यासारखा. त्यानं मान हलवली.

"काय सांगितलंत?"

"म्हनलं, साहेब म्हंत्यात, गावाचा पयला नंबर तुझ्यामुळंच आला."

गोदा मला हात जोडून वाकली. मग ती वळली, ओट्यावर लेकीसमोर जाऊन बसली आणि तिला सांगायला लागली. दोन्ही हातांनी, डोळ्यांनी, सगळ्या अंगानं. काय काय सांगत होती, किती वेळ सांगत होती! मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. सानिका एकटक त्या हातांकडे बघत राहिली, कपाळाला आठ्या घालून, काही निसटू नये म्हणून पुढं झुकून.

आईचे हात थांबले. सानिकानं तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मग शेजारची वही ओढली, तीन शब्द लिहिले आणि वही बापाच्या समोर धरली. मी बाजूला बसलो होतो, मलाही ते वाचता आले.

आई काय म्हणते?